विश्लेषण : दिवसाला किती कॅलरी? पां. वा. सुखात्मे यांच्या उत्तराने वाद का पेटला?

बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगरहून सकाळची लोकल पकडणाऱ्या अनेकांच्या मनगटावर आता स्मार्ट घड्याळ असते. रात्री घरी पोहोचेपर्यंत त्यावर दिवसभरात जळलेल्या कॅलरींचा आकडा उमटलेला असतो. आज २१४०, काल २३८५, रविवारी १९९०. हा आकडा येतो कुठून? आणि एका माणसाला रोज नेमक्या किती कॅलरी लागतात, हे मुळात एका आकड्यात सांगता येते का? या दुसऱ्या प्रश्नाभोवती आयुष्याची अनेक वर्षे घालवलेला संख्याशास्त्रज्ञ मराठी होता. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी दिलेल्या उत्तरामुळे देशातील उपाशी माणसांची संख्या कागदावर झपाट्याने खाली आली आणि त्यावरून पुण्यात सुरू झालेला वाद जगभर गेला.

कोण होते सुखात्मे?

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात, बुध या गावी झाला. खटाव म्हणजे कमी पावसाचा भाग. पीक आले तर आले, अशी तिथली शेती. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ मध्ये गणित घेऊन ते पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. आधुनिक संख्याशास्त्राचा पाया तेव्हा तिथेच घातला जात होता. रोनाल्ड फिशर, इगॉन पिअर्सन, जर्झी नेमन ही मंडळी एकाच कॉलेजात होती आणि त्यांच्यातले मतभेदही तितकेच गाजत होते. नमुना कसा निवडायचा, थोड्यांची पाहणी करून सगळ्यांविषयी किती खात्रीने बोलायचे, हे शास्त्र सुखात्मे तिथे शिकले. १९३६ मध्ये पीएच.डी. आणि १९३९ मध्ये डी.एस्सी. या पदव्या त्यांनी मिळवल्या.

भारतात परतल्यावर ते कोलकात्याच्या अखिल भारतीय आरोग्यशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य संस्थेत काही काळ होते. १९४० मध्ये ते दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्रज्ञ म्हणून गेले आणि पुढची अकरा वर्षे तिथेच राहिले. आज दिल्लीत असलेली भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्था याच विभागातून वाढली.

आणेवारीच्या जागी काय आले?

देशात धान्य किती पिकते, हे तेव्हा कोणालाच नीट माहीत नव्हते. गावकामगार शेताकडे पाहून पीक किती आणे आले ते सांगायचा आणि अशा लाखो अंदाजांची बेरीज दिल्लीत व्हायची. ही आणेवारी. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने या अंदाजांवर विसंबण्याची किंमत दाखवून दिली. सुखात्मे यांनी सुचवलेली पद्धत वेगळी होती. गावे, शेते आणि शेतातला तुकडा चिठ्ठी टाकल्यासारखा निवडायचा, त्या तुकड्यातले पीक प्रत्यक्ष कापायचे, मळायचे आणि वजन करायचे. पीक कापणी प्रयोग हे नाव आज पीक विमा काढणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे.

यातच त्यांचा पहिला मोठा वाद झाला, तोही प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी. महालनोबिस लहान आकाराचे तुकडे कापण्याच्या बाजूचे होते. काम झटपट होते आणि जास्त ठिकाणी जाता येते. सुखात्मे यांचे म्हणणे असे, की तुकडा जितका लहान तितकी त्याची कड क्षेत्रफळाच्या मानाने लांब. कडेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, हे कापणाऱ्याने ठरवायचे असते आणि तो नकळत आत धरतो. त्यामुळे उत्पादन वाढीव दिसते. १९४० च्या दशकात त्यांनी हे प्रयोगांनिशी दाखवून दिले. मोजण्याची पद्धत बदलली की उत्तर बदलते. कॅलरीच्या वादातही पुढे हेच झाले, फक्त तिथे शेताऐवजी माणूस होता.

कॅलरी मोजतात तरी कशी?

सुखात्मे यांचे पुढचे काम समजायचे तर आधी हे समजायला हवे. आहाराच्या संदर्भात आपण ज्याला कॅलरी म्हणतो ती खरे तर किलोकॅलरी असते, म्हणजे एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला लागणारी उष्णता. शरीर अन्न जाळते तेव्हा प्राणवायू वापरते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. त्यामुळे माणसाचा श्वास मोजला की त्याने किती उष्मांक खर्च केले हे काढता येते. १८९० च्या दशकात अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांनी माणसाला एका बंद खोलीत ठेवून हे मोजले. सुखात्मे जन्मले त्याच वर्षी, १९११ मध्ये, क्लॉड डग्लस यांनी पाठीवर बांधायची पिशवी वापरून हेच काम खोलीबाहेर आणले. माणूस चालतो, ओझे उचलतो आणि त्याचा उच्छ्वास पिशवीत साठत जातो.

पण कोट्यवधी लोकांच्या पाठीवर पिशवी बांधता येत नाही. म्हणून सूत्रे आली. शरीर पूर्ण विश्रांतीत असतानाही हृदय, मेंदू, यकृत चालू ठेवायला जी ऊर्जा लागते, तिला मूलभूत चयापचय म्हणतात. बैठे काम करणाऱ्याच्या दिवसभराच्या खर्चाचा निम्म्याहून मोठा वाटा तिचाच असतो. ही ऊर्जा वजन, वय आणि लिंग यांवरून काढतात आणि मग कामाच्या स्वरूपानुसार तिला गुणतात.

समजा ३५ वर्षांचे, ६० किलो वजनाचे दोन भाऊ आहेत. एक बदलापूरहून मुंबईच्या कार्यालयात जातो, दुसरा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत दिवसभर गोणी चढवतो-उतरवतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१० च्या शिफारशींतील सूत्राने दोघांचा मूलभूत चयापचय सारखाच येतो : ६० गुणिले १०.९, अधिक ८३३, म्हणजे १४८७ कॅलरी. बैठ्या कामासाठी त्याला १.५३ ने गुणायचे, जड अंगमेहनतीसाठी २.३ ने. पहिल्याचा आकडा येतो सुमारे २२७५, दुसऱ्याचा सुमारे ३४२०. साठ ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत साधारण दोनशे कॅलरी असतात. म्हणजे दुसऱ्या भावाला रोज पाच-सहा भाकऱ्या जास्त लागतात, आणि त्या मिळवण्याइतकी मजुरीही लागते.

मनगटावरचे घड्याळ याच जातीचे गणित करते. तुम्ही भरलेले वजन, उंची आणि वय घेते, त्यात पावले आणि नाडीचे ठोके मिसळते. २०१७ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी सात उपकरणे तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी बरे मोजले. मात्र कॅलरीच्या आकड्यात सर्वांत अचूक उपकरणाचीही सरासरी चूक २७ टक्के निघाली आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के.

रोममध्ये सुखात्मे यांनी काय केले?

१९५१ मध्ये सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले आणि १९७० पर्यंत रोममध्ये सांख्यिकी विभागाचे संचालक होते. संघटनेचे पहिले महासंचालक लॉर्ड बॉइड ऑर यांच्यामुळे जगातील दोन तृतीयांश माणसे भुकेली आहेत हे वाक्य तेव्हा सर्वतोमुखी झाले होते. अर्थतज्ज्ञ कॉलिन क्लार्क यांच्यासारखे टीकाकार हा आकडा निराधार असल्याचे म्हणत होते. सुखात्मे यांनी या प्रश्नाला संख्याशास्त्राचा हात घातला. देशाला सरासरी किती कॅलरी मिळतात आणि सरासरी किती लागतात, एवढीच तुलना करून भागत नाही. एका ताटात पाच भाकऱ्या आणि दुसऱ्यात एक असेल तर सरासरी तीनच येते आणि भुकेला दिसेनासा होतो. म्हणून अन्न लोकांमध्ये कसे वाटले गेले आहे, हे आधी पाहायचे. लागणाऱ्या कॅलरीही माणसागणिक कमी-जास्त असतात, तेही धरायचे.

१९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे त्यांनी मांडलेल्या निबंधाचा निष्कर्ष असा होता : जगातील १० ते १५ टक्के लोकांना पुरेशा कॅलरी मिळत नाहीत आणि भूक किंवा निकस आहार किंवा दोन्ही धरले तर हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाते. पोट न भरणे आणि आहार निकस असणे या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या. १९६३ मध्ये सोसायटीने त्यांना रौप्य गाय पदक दिले. (गाय हे विल्यम गाय या संख्याशास्त्रज्ञाचे आडनाव.) संघटना आज दरवर्षी जगातील अल्पपोषितांचा जो आकडा जाहीर करते, त्याच्या पद्धतीचे मूळ सुखात्मे यांच्या याच मांडणीत आहे.

रोममध्ये असतानाच त्यांनी आणखी एका समजाला धक्का दिला. साठच्या दशकात प्रथिनांच्या तुटवड्याची मोठी हाकाटी होती. गरीब देशांना प्रथिनांची पावडर, खास पूरक आहार द्यायचे बेत आखले जात होते. सुखात्मे यांनी भारतीय आहाराच्या नोंदी तपासून दाखवले, की डाळ-भाकरी, डाळ-भात असा नेहमीचा आहार पोटभर मिळाला तर प्रथिने बहुतेकांना पुरतात. कॅलरीच कमी पडल्या की शरीर प्रथिनेसुद्धा जळण म्हणून वापरते आणि मग प्रथिनांची कमतरता दिसते. आज उल्हासनगरच्या बाजारात प्रथिनांचे डबे थप्प्या लावून विकले जातात. त्या ग्राहकांचा प्रश्न वेगळा असला तरी हा मुद्दा जुना झालेला नाही.

पुण्यातला वाद नेमका कशावरून?

निवृत्तीनंतर सुखात्मे पुण्यात परतले. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्याच वर्षी पुण्याच्याच गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दांडेकरही साताऱ्याचेच, संख्याशास्त्र शिकलेले, सुखात्मे यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान.

दांडेकर-रथ यांनी गरिबी मोजायला कॅलरीचा आधार घेतला. माणशी दिवसाला २२५० कॅलरी हे किमान मानले. राष्ट्रीय नमुना पाहणीत किती खर्च करणाऱ्या कुटुंबांना सरासरी एवढ्या कॅलरी मिळतात, हे पाहिले. १९६०-६१ च्या किमतींना हा खर्च खेड्यात माणशी महिना सुमारे १५ रुपये आणि शहरात सुमारे साडेबावीस रुपये निघाला. त्याच्या खाली होते खेड्यांतील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील जवळपास ५० टक्के लोक. देशातल्या दारिद्र्यरेषेची चर्चा पुढची अनेक दशके याच वाटेने गेली.

सुखात्मे यांचा आक्षेप सरासरीवर होता. २२५० ही सरासरी गरज असेल, तर धडधाकट, पोटभर खाणाऱ्या लोकांच्या समूहातही जवळपास निम्मे त्या आकड्याच्या खालीच असणार. सरासरीचा अर्थच तो. मग खाली असलेल्या प्रत्येकाला भुकेला कसे म्हणायचे? उंचीचे उदाहरण घेतले तर, पुरुषांची सरासरी उंची पाच फूट पाच इंच आहे म्हणून पाच फूट चार इंचाच्या माणसाला खुजा ठरवण्यासारखे ते होईल. त्यांच्या मते रेषा सरासरीवर नव्हे, तर निरोगी माणसांच्या गरजेच्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला आखायला हवी. संख्याशास्त्राच्या भाषेत, सरासरीतून दोन प्रमाण विचलने वजा करून.

हिशेब करून पाहिला की फरक लक्षात येतो. समजा, एखाद्या गटाची सरासरी गरज २७०० कॅलरी आहे आणि चढउताराचे प्रमाण १५ टक्के, म्हणजे ४०५. दोनदा ४०५ वजा केले की राहतात १८९०. रेषा २७०० वर आखली तर अल्पपोषित ठरणारे आणि १८९० वर आखली तर ठरणारे यांच्यात देशाच्या पातळीवर कोट्यवधी माणसांचा फरक पडतो. अन्नाचा एक दाणाही इकडचा तिकडे न होता.

सैनिकांच्या नोंदींतून काय निघाले?

इथपर्यंतचे म्हणणे बऱ्याच जणांना मान्य होते. माणसामाणसांत फरक असतो, हे कोण नाकारणार? सुखात्मे यांनी त्यापुढे टाकलेले पाऊल वादाचे ठरले. त्यांनी ब्रिटिश लष्करात नव्याने भरती झालेल्या जवानांच्या रोजच्या खाण्याच्या आणि ऊर्जाखर्चाच्या नोंदी अभ्यासल्या. कामाचा दिनक्रम आखून दिलेला, वजन फारसे न बदलणारे तरुण. तरीही त्यांच्यातील एकाच जवानाचे आजचे खाणे आणि उद्याचे खाणे यांत मोठा फरक होता आणि त्या दिवशीच्या खर्चाशी त्याचा मेळ बसत नव्हता.

सर्वसाधारण समज असा, की रोजचा चढउतार आठवड्याच्या सरासरीत विरून जातो. सुखात्मे म्हणाले, तसे पुरते होत नाही. आजची पातळी कालच्या पातळीवर अवलंबून असते, कालची परवाच्या; त्यामुळे लाटा लांबत जातात आणि सरासरी काढली तरी शिल्लक राहतात. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की शरीर स्वतःच समतोल राखते. अन्न कमी मिळाले की ते जास्त काटकसरीने वापरते, जास्त मिळाले की सढळ हाताने खर्चते, आणि एका मर्यादेपर्यंत वजन व काम दोन्ही सांभाळते. म्हणजे एका माणसाचीही गरज हा एक आकडा नसून पट्टा आहे. अमेरिकेतील बर्कलीचे शेल्डन मार्गेन यांच्याबरोबर १९८२ मध्ये त्यांनी हा सिद्धान्त मांडला. पोषणशास्त्रात तो सुखात्मे-मार्गेन सिद्धान्त म्हणून ओळखला जातो.

विरोधकांचे म्हणणे काय होते?

१९८१-८२ मध्ये इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीच्या पानांवर दांडेकर आणि सुखात्मे समोरासमोर आले. दोघेही आकड्यांचे जाणकार, दोघेही शब्दाला शब्द देणारे. वाचकांना मात्र समीकरणांतून वाट काढावी लागे. दांडेकरांचे उत्तर साधारण असे होते : आपण गरिबी मोजतो आहोत, रोग नव्हे. शिवाय कमी खाणाऱ्याची गरजच कमी असेल, हे कशावरून? सुखवस्तू घरातला माणूस कमी खातो तेव्हा त्याची भूक तेवढीच असू शकते. हातावर पोट असलेला कमी खातो तेव्हा त्याच्याकडे पैसे नसतात. गोणी उचलणाऱ्या भावाच्या ताटात २००० कॅलरी आल्या, तर त्या पट्ट्याच्या आत बसतात म्हणून त्याचे भागले, असे म्हणता येईल का?

राष्ट्रीय पोषण संस्थेचे माजी प्रमुख डॉ. सी. गोपालन यांचा हल्ला दुसऱ्या बाजूने आला. शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते हे खरे, पण ते फुकट जुळवत नाही. मूल उंचीला खुंटते, मोठा माणूस कमी काम करतो, सुट्टीच्या दिवशी उठत नाही, बाई घरातले काम संपले की बसून राहते. याच सुमारास अमेरिकी अर्थतज्ज्ञ डेव्हिड सेकलर यांनी देह लहान असला तरी माणूस निरोगी असू शकतो, अशी मांडणी केली होती आणि गोपालन यांनी तिचाही कडाडून समाचार घेतला. असे जुळवून घेणे सुदृढ आरोग्यात धरायचे की नुकसानीत, हा मूळ प्रश्न होता आणि तो केवळ संख्याशास्त्राने सुटणारा नव्हता.

या टीकेत वजन होते. पुढच्या वर्षांत प्रयोगशाळांतही सुखात्मे यांच्या बाजूने फारसे काही निघाले नाही. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधील अभ्यासकांनी एकाच माणसाचा मूलभूत चयापचय पुन्हा पुन्हा मोजला तेव्हा त्यातील चढउतार थोडाच आढळला. जड हायड्रोजन आणि जड प्राणवायू असलेले पाणी पाजून, आठवडा-दोन आठवड्यांत ते शरीरातून किती वेगाने बाहेर पडते यावरून ऊर्जाखर्च काढण्याची पद्धत १९८२ मध्येच माणसांवर प्रथम वापरली गेली. तिने काही दिवसांच्या खर्चाचा खरा हिशेब हाती दिला. आणि १९८५ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने गरज ठरवताना खाण्याऐवजी खर्च मोजण्याचा मार्ग पत्करला : मूलभूत चयापचय गुणिले काम.

तरीही सुखात्मे यांना गरिबांविषयी अनास्था होती, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. वादाच्या भरात तसा तो काढला गेला. ते कमी अन्नाचे समर्थन करत नव्हते. सरासरीला गरज समजून आखलेला कार्यक्रम खऱ्या उपाशी माणसापर्यंत पोहोचणार नाही, तो सगळ्यांत थोडा थोडा वाटला जाईल, ही त्यांची काळजी होती.

पाण्याचा कॅलरीशी काय संबंध?

सुखात्मे यांचा हा मुद्दा वादाच्या धुरळ्यात मागे पडला. खाल्लेले सगळे अन्न अंगी लागत नाही. दूषित पाण्यामुळे वारंवार जुलाब, जंत, आतड्याचे विकार होत असतील तर ताटातल्या कॅलरींचा मोठा भाग वाया जातो. तापात शरीर जास्त जाळते आणि भूक मरते. म्हणून कुपोषण हटवायचे तर धान्याइतकेच स्वच्छ पाणी, संडास आणि परिसर स्वच्छतेकडे पाहा, असे ते सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत सतत सांगत राहिले.

उल्हासनगर-अंबरनाथ पट्ट्यात हे समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. उल्हासनगर वसले ते दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तिथे आसरा दिला गेला आणि १९४९ मध्ये वसाहतीला आजचे नाव मिळाले. शिधा देऊन माणसे जगवता येतात, पण एका बराकीत अनेक कुटुंबे राहिली की नळ आणि संडास हाच आधी कळीचा प्रश्न होतो. अंबरनाथ आणि उल्हासनगरमधून वाहणारी वालधुनी आज नदीपेक्षा नाला म्हणून ओळखली जाते. तिच्या काठच्या वस्तीतील मुलाला पोषण आहार मिळाला की नाही हे नोंदवहीत दिसते. त्यातला किती अंगी लागला, याचा रकाना त्या वहीत नसतो.

आज या आकड्यांचे काय झाले?

सुखात्मे यांचे २८ जानेवारी १९९७ रोजी पुण्यात निधन झाले. दांडेकर त्याआधी दीड वर्ष, जुलै १९९५ मध्ये गेले. वाद मात्र दोघांनंतरही मिटला नाही, त्याची जागा बदलली.

१९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृती दलाने खेड्यासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० कॅलरी धरल्या होत्या. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने दारिद्र्यरेषेची कॅलरीशी असलेली गाठच सोडली. २०१४ मध्ये सी. रंगराजन समितीने ती पुन्हा बांधली : खेड्यात २१५५, शहरात २०९०. पोषणाच्या शिफारशीही हलत राहिल्या. वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१० मध्ये बैठे काम करणाऱ्या ६० किलोच्या पुरुषाला २३२० कॅलरी सांगितल्या होत्या. २०२० मध्ये प्रमाण पुरुषाचे वजन ६५ किलो केले आणि कॅलरी मात्र २११० वर आणल्या. बैठे काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीचा आकडा १९०० वरून १६६० झाला. माणूस पाच किलोने वाढला आणि त्याची गरज दोनशेने घटली, हे वाचून गोंधळ होणे स्वाभाविक आहे. बदलले ते माणसाचे पोट नव्हे. चयापचयाचा अंदाज आणि बैठ्या कामाचा गुणक खाली आणला गेला.

रेशनवर अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य गटाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळते. त्याचे दिवसाला सुमारे ५८० कॅलरी होतात. गोणी उचलणाऱ्या भावाच्या गरजेचा हा सहावा हिस्सा. बाकीचे पाच हिस्से बाजारातून, मजुरीच्या पैशांतून यायचे असतात.

आणि ती मजुरीही कॅलरीवरच ठरते, हे कारखान्यात काम करणाऱ्या अनेकांना माहीत नसते. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे निकष घालून दिले, तेव्हा प्रौढ माणशी २७०० कॅलरी आणि एका कामगारामागे तीन माणसांचे खाणे धरले होते. कपडा, घरभाडे, जळण हे सारे त्यावर चढवायचे. २०१९ च्या जानेवारीत केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २७०० चे २४०० केले, तीन माणसांऐवजी ३.६ धरली, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थांचे प्रमाण वेगळे सांगितले आणि जुलै २०१८ च्या किमतींना देशभरासाठी दिवसाला ३७५ रुपये किमान वेतन सुचवले. कामगार संघटनांचा आक्षेप पहिल्याच आकड्यावर होता : तीनशे कॅलरी कमी केल्या त्या कोणाच्या ताटातून?